जीटीएक्स १०६०: पेस्ट नवी, पंखे चालू, तरी कार्ड ९० च्या वर. हीटसिंकच गेलाय का?

वऱ्हाडी पिक्सेल (अकोला)

मंडळी, मदत हवी आहे. माझ्याकडे जीटीएक्स १०६०, ६ जीबी, दोन पंख्यांचं ग्राफिक्स कार्ड आहे. २०१७ मध्ये नवं घेतलेलं. लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो, डाविंची रिझॉल्व्हवर. अधूनमधून ब्लेंडरवर थ्रीडी काम. गेमिंग जवळपास नाहीच.

गेल्या वर्षीपर्यंत एक्सपोर्ट लावला तरी कार्ड ७५ अंशांच्या आत राहायचं. यंदा होळी झाल्यापासून ९०-९२ दाखवतंय. क्लॉक (चिपचा वेग) १८०० मेगाहर्ट्झवरून घसरत १३०० पर्यंत खाली येतो. दोनेकदा तर स्क्रीन काळी झाली, पंखे एकदम फुल स्पीडने ओरडायला लागले आणि मशीन बटण दाबूनच बंद करावं लागलं. कॅबिनेटचं झाकण काढून समोर टेबल फॅन लावला, तर ३-४ अंश उतरतात, जास्त नाही.

इथल्या एका दुरुस्तीवाल्याकडून पेस्ट आणि पॅड (चिप आणि मेमरीची उष्णता हीटसिंककडे, म्हणजे वरच्या पातीदार धातूकडे नेणारे थर) बदलून आणले. उलट थोडं वाढलंच असं वाटतंय. लग्नसराई तोंडावर आहे आणि नवं कार्ड घ्यायची आत्ता सोय नाही. पुन्हा पेस्ट बदलू, पंखे बदलू, की कार्डाचं आयुष्यच संपलं असं समजू?

तापमापी (पुणे)

लगेच काहीच बदलू नका. उष्णता नेमकी कुठे अडते आहे ते आधी शोधू. चिपमधून पेस्टमध्ये, पेस्टमधून हीटसिंकच्या तळाला, तळातून हीटपाइपमध्ये, पाइपमधून पातळ पात्यांमध्ये आणि पात्यांतून हवेत, असा तिचा रस्ता आहे. यातला कुठलाही टप्पा बिघडला तरी स्क्रीनवर आकडा एकच दिसतो, ९२. म्हणून नुसत्या आकड्यावरून पेस्ट मागवण्यात अर्थ नाही.

दोन गोष्टी करून बघा, दोन्ही फुकट आहेत.

एक्सपोर्ट चालू ठेवून कार्ड ८५ च्या वर गेलं की हीटसिंकच्या कडेच्या पात्यांना बोट लावून बघा. पंख्यात बोट जाणार नाही एवढं सांभाळा आणि मागच्या बाजूच्या सोल्डरला हात लावू नका. पाती सगळीकडे चटका देण्याइतकी गरम असतील तर उष्णता तिथवर व्यवस्थित पोचते आहे, फक्त हवेत जात नाही. मग दोष धुळीचा, पंख्यांचा किंवा कॅबिनेटमधल्या हवेचा. चिप ९० वर आणि पाती कोमट, असं असेल तर उष्णता वर चढतच नाहीये. पेस्ट, दाब, पॅड, हीटपाइप यांपैकी काहीतरी.

दुसरं म्हणजे तापमानाचा आलेख. लोड (एक्सपोर्टसारखं जड काम) सुरू झाल्यावर पहिल्या दोन-तीन सेकंदांत काय होतं, ते मला हवंय. धूळ किंवा पंख्याचा त्रास असेल तर तापमान मिनिटामिनिटाने चढतं, कारण आधी सगळा हीटसिंक तापावा लागतो. चिप आणि तळ यांचा संपर्कच नीट नसेल तर ते उडी मारतं, आणि लोड थांबवला की तसंच धपकन खाली येतं.

कळफलक

आलेखासाठी जीपीयू-झेड किंवा एचडब्ल्यूइन्फो घ्या. नोंद दर सेकंदाला ठेवा, फाइलमध्ये साठवायची सोय दोन्हींत आहे. लिनक्सवर असाल तर एनव्हिडिया-एसएमआय पुरेसं आहे. जीपीयू-झेडमध्ये ‘परफॉर्मन्स कॅप रीझन’ अशी ओळ असते, तिथे तापमानाचं कारण दिसतंय की पॉवरचं ते लिहून ठेवा. या पिढीची कार्डं साधारण ८३ अंशांपासून क्लॉक हळूहळू उतरवायला लागतात, आणि १०६० साठी एनव्हिडियाने दिलेली कमाल मर्यादा ९४ आहे. १०६० चा बेस क्लॉक, म्हणजे किमान अपेक्षित वेग, १५०६ मेगाहर्ट्झ. तुमचं १३०० वर येतंय म्हणजे ते नेहमीचं उतरणं नाही, कार्ड स्वतःला वाचवतंय.

खोलीचं तापमान प्रत्येक वेळी लिहाच. अकोल्यात मार्चच्या शेवटी मोजलेले ९० आणि पुण्यात डिसेंबरमध्ये मोजलेले ९० ही दोन वेगवेगळी दुखणी आहेत.

फरमार्क ही ताण-चाचणी मात्र चालवू नका. तो कार्डावर जो ताण टाकतो तो तुमच्या कामात कधीच येत नाही, आणि आधीच आजारी असलेल्या कार्डावर तो टाकायचं काही कारण नाही.

सुईदोरा (सोलापूर)

पंख्यांबद्दल थोडं, कारण तेही तपासून बाजूला ठेवलेलं बरं. मशीन बंद करून दोन्ही पंखे बोटाने हलकेच फिरवा. चांगला पंखा सोडल्यावर जरा वेळ फिरत राहतो. अडखळत थांबला किंवा पाती वरखाली डुलली तर बेअरिंग गेलं. सॉफ्टवेअरमध्ये दिसणारा वेग कधीकधी एकाच पंख्याचा असतो, दुसरा मेलेला असला तरी आकडा छान दिसतो. डोळ्यांनी बघा.

स्लीव्ह बेअरिंगचा पंखा नुसता कोरडा पडला असेल तर मधलं स्टिकर उचलून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो. खोबरेल नको, थंडीत गोठतं. गंज काढायचा स्प्रेसुद्धा नको, तो असलेलं तेलही धुऊन नेतो आणि उडून जातो. ब्लोअरने धूळ काढताना पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं.

वऱ्हाडी पिक्सेल

सगळ्यांचे आभार. सगळं करून बघितलं.

पंखे दोन्ही ठीक आहेत, डुलत नाहीत, वेग सारखा. खोली ३६ अंश. लोड सुरू करताच तापमान ४८ वरून थेट ७३. दोन सेकंदसुद्धा लागले नाहीत. तिथून सावकाश ९२. लोड थांबवला की लगेच सत्तरीत. कॅप रीझनमध्ये तापमान. पॉवर साधारण ८० टक्के दाखवतंय.

पात्यांचं मात्र चकित करणारं आहे. मदरबोर्डच्या जोडणीच्या बाजूची पाती चांगलीच गरम. कार्डाच्या शेपटाकडची पाती जवळपास खोलीएवढीच. एकाच हीटसिंकला दोन टोकांना इतका फरक कसा?

तापमापी

आता चित्र दिसायला लागलं. माझ्या मते दोन दोष एकावर एक बसलेत.

पहिल्या दोन सेकंदांतली २५ अंशांची उडी म्हणजे चिप आणि तळ यांच्यात फट किंवा दाब कमी. तुम्ही म्हणालात की पॅडही बदलले आणि नंतर तापमान वाढलं. बहुतेक मेमरीवरचे पॅड जाड लागलेत. १ मिलिमीटरच्या जागी दीड मिलिमीटरचा कडक पॅड बसवला की हीटसिंक पॅडवर टेकतो आणि चिपवर अधांतरी राहतो. वरून पेस्ट कितीही महाग असो, तिला अर्धा मिलिमीटरची दरी भरायला लागली की ती निकामी. दुरुस्तीत सगळ्यात जास्त दिसणारी गोष्ट हीच आहे.

शेपटाकडची पाती थंड असणं मात्र पॅडचं काम नाही. तिथे हीटपाइपचा संशय येतो. हीटपाइप म्हणजे तांब्याची पोकळ नळी. आतून हवा काढलेली, थोडंसं पाणी, आणि भिंतीला तांब्याच्या भुकटीचा सच्छिद्र थर. दाब कमी असल्याने पाणी कमी तापमानालाच उकळतं, वाफ थंड टोकाला जाते, तिथे तिचं पाणी होतं आणि ते त्या सच्छिद्र थरातून परत गरम टोकाला ओढलं जातं. टोकाचं सील गेलं किंवा नळीला बारीक चीर पडली की पाणी निघून जातं, हवा आत शिरते. मग उरते नुसती पातळ तांब्याची नळी, आणि ती फार थोडी उष्णता वाहून नेते. बाहेरून तिच्यावर काहीही दिसत नाही, म्हणून लोक पेस्टच बदलत बसतात.

उघडायच्या आधी एक चाचणी. टॉवरमध्ये कार्ड आडवं असतं, चिपचं तोंड खाली, म्हणजे पाण्याला वर चढावं लागतं. कॅबिनेट कुशीवर झोपवा, कार्ड उभं होईल. तोच लोड द्या. धडधाकट पाइपांना अशा बदलाने फारसा फरक पडत नाही. आठ-दहा अंशांचा फरक पडला तर पाइपवरचा संशय वाढतो. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या आरएक्स ७९०० एक्सटीएक्सच्या एएमडीच्या स्वतःच्या डिझाइनच्या काही कार्डांमध्ये हाच प्रकार झाला होता. व्हेपर चेंबरमध्ये (हीटपाइपचाच चपटा, पसरट प्रकार) पाणी कमी भरलं गेलं होतं, हॉटस्पॉट (चिपचा सगळ्यात गरम बिंदू) ११० पर्यंत जायचा आणि कार्ड कुठल्या बाजूला धरलंय त्यावर आकडा बदलायचा. कंपनीने ते जानेवारी २०२३ मध्ये मान्य केलं. नव्याकोऱ्या महागड्या कार्डात हे होऊ शकतं, तर इतकी वर्षं तापून-निवून झालेल्या हीटसिंकमध्ये नक्कीच होऊ शकतं.

दर्यावर्दी (रत्नागिरी)

किनाऱ्यावरच्या लोकांसाठी भर घालतो. आमच्याकडे खाऱ्या हवेने ॲल्युमिनियमची पाती पांढरी पडतात आणि तांब्याच्या पाइपला हिरवा थर येतो. जिथे पाइप पात्यांमध्ये घुसतो त्या सांध्यात गंज धरला की पाइप चांगला असूनही उष्णता पात्यांत उतरत नाही. निकेलचा मुलामा असलेले हीटसिंक जास्त टिकतात, हे मी इथे वारंवार पाहिलंय.

आणि छोटी कार्डं, जीटी ७३० किंवा जीटीएक्स ७५० टीआयसारखी, ज्यांच्यावर ॲल्युमिनियमचा साधा ठोकळा आणि मध्ये पंखा असतो, त्यांतल्या कित्येकांना स्क्रू नसतात, स्प्रिंगवाल्या प्लास्टिकच्या खुंट्या असतात. उष्णतेने ते प्लास्टिक ठिसूळ होतं आणि एखादी खुंटी तुटते. हीटसिंक एका कोपऱ्यात उचलला जातो, वरून बघून काहीच कळत नाही. हलकेच हलवून बघा, डुगडुगला तर तेच. खुंट्या काढून बारीक स्क्रू, नायलॉनचे वॉशर आणि त्याच स्प्रिंग वापरून बसवता येतो. स्प्रिंग मात्र हवीच. थेट आवळलं तर उघड्या चिपच्या कोपऱ्याचा टवका उडतो आणि मग कार्ड कायमचं गेलं.

नवा खेळाडू

माझ्या मित्राने कार्ड ओव्हनमध्ये २०० ला ठेवलं होतं, चालू झालं. ते करून बघा ना?

तापमापी

कृपा करून हे कोणी करू नका. तो उपाय ज्या दुखण्यावर सांगितला जायचा ते वेगळंच आहे. २००६ ते २००८ च्या सुमाराच्या बऱ्याच चिपमध्ये, विशेषतः लॅपटॉपच्या, सिलिकॉन आणि खालची पट्टी यांच्यामधले सूक्ष्म सांधे तापून-निवून तडकायचे. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने या पॅकेजिंगच्या दोषापोटी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढल्याचं जाहीर केलं होतं. भाजल्यावर ते सांधे तात्पुरते टेकतात, काही आठवड्यांत पुन्हा सुटतात. इथे चिप उत्तम चालते आहे, फक्त गरम होते आहे. भाजून तिचं काही भलं होणार नाही, कपॅसिटर आणि प्लास्टिकचे सॉकेट मात्र जातील. आणि फ्लक्सचा धूर ज्या ओव्हनमध्ये भरला त्यात नंतर घरचं अन्न शिजवायचं, हे मला अजिबात पटत नाही.

ओळखायची खूण सांगतो. मशीन थंड असताना, पहिल्या बायोसच्या पडद्यावरच रंगीत चौकोन किंवा रेघा दिसत असतील तर ते मेमरी किंवा सोल्डरचं. तापल्यावरच दिसत असतील तर थंड करण्याच्या व्यवस्थेकडे बघा.

वऱ्हाडी पिक्सेल

कॅबिनेट झोपवून पाहिलं. त्याच लोडला ८४! उभं केलं की पुन्हा ९१-९२. म्हणजे पाइपच ना? आता उघडतो. काय काळजी घेऊ?

तापमापी

स्क्रू तिरक्या क्रमाने, थोडे थोडे सैल करा. पंख्याच्या वायरचा छोटा जोड हीटसिंक उचलायच्या आधी सोडवा, वायर ओढू नका, जोडाला धरा. हीटसिंक चिकटला असेल तर कार्ड दहा मिनिटं चालवून कोमट करा, बंद करा आणि हलकेच पिळल्यासारखं फिरवा. सरळ उपटू नका.

उघडल्यावर पुसायच्या आधी फोटो काढा. चिपवरचा पेस्टचा ठसा हाच सगळ्यात मोठा पुरावा. पॅडभोवती तेलकट डाग दिसले तर घाबरू नका, जुन्या पॅडमधून सिलिकॉन तेल झिरपतं, ते वीज वाहत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढा.

मग पाइपची चाचणी. पंखे आणि प्लास्टिकचं आवरण पूर्ण काढा. पसरट भांड्यात चहाइतकं गरम पाणी घ्या, हीटसिंकचा फक्त तळ त्यात टेकवा आणि प्रत्येक पाइप जिथे पात्यांत शिरतो त्याच्या पलीकडच्या टोकाला बोट लावा. जिवंत पाइप काही सेकंदांत गरम लागतो. मेलेला थंडच राहतो, मिनिटभराने कोमट होईल एवढंच. नंतर हीटसिंक पूर्ण वाळवा.

वऱ्हाडी पिक्सेल

तुम्ही म्हणालात तसंच निघालं. चिपवर पेस्टचा थर एका बाजूला पातळ, दुसऱ्या बाजूला जाड आणि बुडबुड्यांचा. मेमरीच्या चिपवर पॅड दीडचे, व्हर्नियरने मोजले. मूळ पॅडचा एक तुकडा पॉवरच्या भागावर शिल्लक होता, त्याची न दबलेली कड १ मिलिमीटर भरली.

गरम पाण्यात तीनपैकी दोन पाइप लगेच तापले. शेपटाकडे जाणारा तिसरा थंड. त्याच्या टोकाशी, जिथे नळी चिमटून बंद केलेली असते, तिथे बारीक काळपट डाग आहे.

पॅड १ मिलिमीटरचे आणले, पेस्ट पुन्हा लावली, स्क्रू तिरक्या क्रमाने आवळले. खोली ३७, आता ८६ वर थांबतंय, पॉवर ९० टक्के. उडीही कमी झाली, २५ च्या जागी १२-१३. पण मे महिन्यात इथे दुपारी खोलीतच ४४ होतं. निभेल का?

कळफलक

गणित करून बघू, साधं आहे. चिप आणि खोली यांच्यातला फरक भागिले वॅट. १०६० ची मर्यादा १२० वॅट.

तुमची पहिली नोंद: ९२ उणे ३६, म्हणजे ५६ अंश. पॉवर ८० टक्के, म्हणजे ९६ वॅट. दर वॅटला ०.५८ अंश. पॅड नीट केल्यावर: ८६ उणे ३७, ४९ अंश, १०८ वॅट. दर वॅटला ०.४५. निरोगी दोन पंख्यांच्या १०६० ला मी ०.३० च्या आसपास पाहिलंय.

मे मध्ये खोली ४४. याच १०८ वॅटला ४४ अधिक ४९, म्हणजे ९३. अगदी काठावर. पण कार्ड ८५ वॅटवर आणलं तर ४४ अधिक ३८, म्हणजे ८२. हे चालेल.

८५ वॅटवर आणायचे दोन मार्ग. आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट ७० टक्के, एका मिनिटाचं काम. किंवा अंडरव्होल्ट, म्हणजे चिपला त्याच वेगाला कमी व्होल्टेज देणं: तिथेच कंट्रोल आणि एफ दाबून व्होल्टेजची वक्ररेषा उघडा, ०.९ व्होल्टला १८०० मेगाहर्ट्झच्या जवळचा बिंदू धरा आणि त्यापुढची रेषा सपाट करा. प्रत्येक चिप वेगळी, एक्सपोर्ट मध्येच कोसळला तर क्लॉक थोडा खाली घ्या. अंडरव्होल्टमध्ये वेग जवळजवळ तसाच राहतो, म्हणून मला तो जास्त आवडतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या प्रत्येक जुन्या कार्डाला मार्चमध्येच हे करून टाकावं असं माझं ठाम मत आहे. वीजही वाचते.

सुईदोरा

मशीनच्या खोलीत पाण्याचा कूलर असेल तर त्याचा झोत थेट कॅबिनेटवर नको. बोअरच्या पाण्याचे बारीक तुषार पात्यांवर क्षाराचा थर बसवतात, तो ब्लोअरने निघत नाही.

तापमापी

कळफलक यांचं गणित बरोबर आहे, त्याने लग्नसराई निघेल. मात्र मेलेला पाइप दुरुस्त होत नाही. घरी पाणी भरून सील करणं शक्य नाही, त्यावर वेळ घालवू नका. कायमचा उपाय म्हणजे त्याच मॉडेलच्या मेलेल्या कार्डाचा हीटसिंक. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, तुम्हाला जवळ नागपूरचं सीताबर्डी. चिप गेलेली कार्डं दुरुस्तीवाल्यांकडे पडून असतात. नावावर जाऊ नका, एकाच नावाखाली कंपन्या बोर्ड बदलतात. चिपभोवतीच्या चार भोकांचं अंतर, मेमरीच्या चिपची जागा आणि कॉइलची उंची जुळली पाहिजे. दुकानातच गरम पाण्याची चाचणी करा.

तोही मिळाला नाही तर प्लास्टिकचं आवरण आणि मूळ पंखे काढून पात्यांवर ९२ किंवा १२० मिलिमीटरचे कॅबिनेटचे पंखे झिप-टायने बांधता येतात. मदरबोर्डाच्या फॅन हेडरवर (पंखा जोडायच्या पिनांवर) सहसा १ अँपिअरची मर्यादा असते, दोन पंख्यांची बेरीज त्याच्या आत ठेवा. फॅनकंट्रोल नावाच्या मोफत सॉफ्टवेअरने ते कार्डाच्या तापमानाशी जोडता येतात. पण तुमच्या बाबतीत याचा फायदा मर्यादित राहील, थंड पात्यांवर जास्त हवा मारून काय मिळणार?

पेस्टऐवजी लिक्विड मेटल (द्रव धातू) लावायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियम खाऊन टाकतं आणि ते विजेचं वाहकही आहे. उघड्या चिपवर पेस्ट वारंवार बाजूला सरकत असेल तर हनीवेलची पीटीएम ७९५० ही फेज-चेंज शीट घ्या. ती साधारण ४५ अंशांना मऊ होऊन पसरते आणि सरकून जात नाही. पॅडच्या जाडीची खात्री नसेल तर थर्मल पुट्टी, ती हवी तेवढी दबते.

वऱ्हाडी पिक्सेल

हीटसिंक मिळाला! सीताबर्डीला. त्याच बोर्डाच्या, चिप जळालेल्या कार्डाचा. दुकानदाराने स्वतःच चहाच्या टपरीवरून गरम पाणी मागवलं. तिन्ही पाइप जिवंत. कॉइलची उंची तिथेच ताडून पाहिली.

आजची नोंद: खोली ४१, अंडरव्होल्टसह ८८ वॅट, तासाभराच्या एक्सपोर्टनंतर ६९. क्लॉक शेवटपर्यंत हलला नाही.

कळफलक

२८ भागिले ८८, ०.३२. निरोगी कार्ड. मे मध्ये खोली ४४ झाली तरी ७२ च्या आसपास राहील.

नवा खेळाडू

तापमापी, माझं आरएक्स ५७० आहे, जुनं घेतलंय, विकणारा मायनिंगचं (आभासी चलन मिळवायला अखंड चालवलेलं) होतं म्हणाला. तेही ८८ ला जातं. माझाही पाइपच गेला असेल का?

तापमापी

तसं धरून चालू नका. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग बंद झालं आणि अशी कार्डं ढिगाने बाजारात आली. त्यांचे पंखे वर्षानुवर्षं एकाच वेगाने अखंड फिरलेले असतात, म्हणून आधी बेअरिंग बघा. पॅड बहुधा वाळून भुगा झालेले सापडतील. पुष्कळांचं बायोसही बदललेलं असतं, जीपीयू-झेडमधून त्याची प्रत काढून ठेवा आणि मूळ बायोसशी ताडून बघा. नवा धागा काढा. खोलीचं तापमान, दर सेकंदाचा आलेख आणि पाती कुठे गरम, कुठे थंड, एवढं लिहा. कार्ड अजून उघडू नका.